ताणा उतरला की

पमाबद्दल आमच्या गल्लीत दोन गोष्टी सांगतात. एक, बापानं तिला पुढं शिकू दिलं नाही. दुसरी, एम.ए.च्या नादानं तिचं डोकं फिरलं. दोन्ही खोट्या. सांगणारे बहुतेक नंतर राहायला आलेले आहेत. त्यांनी ना तिचा बाप पाहिला, ना तिचं डोकं. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा ती परकरात होती, आणि तिनं घर सोडलं तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. मधलं सगळं माझ्यासमोर झालं. त्यातलं मला जे कळलं ते लिहिते. जे कळलं नाही तेही लिहिते, कारण तेच मला अजून सोडत नाही.

सक्करदऱ्याच्या अलीकडं आमची विणकरांची गल्ली. तेव्हा घरोघरी हातमाग होते. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडं विणायचं. माझं काम कांड्या भरण्याचं, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायचं. पमाच्या मागाच्या कांड्या मीच भरायची, त्यामुळं दिवसभर माझी तिच्या घरात ये-जा.

घरात तिघं. बाप नारायणबुवा, धाकटा भाऊ वसंता, आणि ती. आई लवकर गेलेली. वसंता मॅट्रिक झाला आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागला. तिकडंच त्याला क्वार्टर मिळालं. तो मागावरून उठला तेव्हा माग आता कोण चालवील, असं कोणी त्याला विचारलं नाही. नारायणबुवांचे डोळे अधू होत चालले होते. सकाळी कॉलेजात जाऊन आलेली पमा दुपारी खड्ड्यात उतरू लागली. तेही कोणी तिला सांगितलं नव्हतं.

दिसायला ती चारचौघींसारखी. बुटकी, अंगानं बारीक, वेणी मात्र मनगटाएवढी जाड. विचार करताना एका पायावर उभी राहायची आणि दुसऱ्या पायाची टाच पोटरीवर घासायची, तळ्याकाठच्या बगळ्यासारखी. आणि विचार ती सारखाच करायची. काहीही विचारा, आधी दोन बोटं वर करायची आणि म्हणायची, "ह्याच्यात दोन गोष्टी आहेत." मग त्या दोन्ही गोष्टी नीट सांगायची. ऐकताना पहिली पटायची, मग दुसरी पटायची. शेवटी आपण विचारायचं, "मंग करतेस काय?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "पाहू."

भाजीवाल्याला तिची सवय झाली होती. तो तिच्या दारात वांगी आणि भेंडी दोन्ही ठेवायचा आणि गल्लीत पुढं निघून जायचा. परत येताना विचारायचा, "झालं काय ताई ठरवून?" कधीकधी झालेलं नसायचं. मग तो स्वतःच एक ढीग उचलायचा आणि म्हणायचा, "आज वांगी खा."

तिला पाहायला उमरेडहून एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "सैंपाक येते काय?" पमाची दोन बोटं वर. "ह्याच्यात दोन गोष्टी आहेत. करता येणं, आन आवडणं. मले करता येते." त्या बाईनं चहाचा कप खाली ठेवला. मग मुलाचा मामा म्हणाला, "बी.ए. होऊन राहिली. नवऱ्याचं ऐकशीन काय?" पमा इतका वेळ विचारात पडली की सगळ्यांच्या चहावर साय आली. मग म्हणाली, "तो काय म्हणते, त्याच्यावर राहीन." मंडळी पोहे न खाता उठली. नारायणबुवा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आले आणि ओट्यावर बसून खोकला येईस्तोवर हसले. "पोट्टीनं खरं तेच सांगतलं," म्हणाले.

तिचा विषय तत्त्वज्ञान. ते काय असतं ते मला माहीत नव्हतं. एकदा कांड्या देताना मी विचारलं.

"विचार कसा करावा, त्याचा विचार असते वहिनी त्याच्यात."

"तं कर ना विचार. त्याले कॉलेज कायले पाहिजे?"

ती धोटा हातात धरून थांबली. "हे तुम्ही चांगलं इचारलं," म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत तिनं मला उत्तर दिलं नाही. लुगडं मात्र त्या दिवशी वीतभरच झालं.

विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, पुस्तक धरता येत नाही. म्हणून ती पुस्तकाची पानं सुटी करायची आणि सुताला लावायच्या भाताच्या खळीनं समोरच्या भिंतीवर चिकटवायची. विणता विणता वाचायची. एक भिंत भरली की दुसरी. खळीच्या वासानं उंदीर यायचे आणि रात्रीतून पानं कुरतडून जायचे. परीक्षेच्या तोंडावर एकदा ती भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. मी विचारलं, काय झालं? "आत्मा उंदरानं नेला वहिनी. आता शरीरावरच पास व्हा लागते." झाली पास. पहिल्या वर्गात झाली. गल्लीतली ती पहिली बी.ए. बाप्यांमध्येही तिच्या आधी कोणी नव्हतं.

निकालानंतर तिच्या कॉलेजच्या बाई घरी आल्या. रामदासपेठेत राहणाऱ्या, सुती पातळ, खांद्याला पिशवी. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण सकाळची वेळ होती आणि गल्लीत ताणा लावलेला होता. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. ऊन चढायच्या आत ते गल्लीत कमरेएवढ्या उंचीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात आणि मोठ्या कुंच्यानं त्यांना खळ लावतात. आमच्यात ताणा कोणी ओलांडत नाही. पलीकडं जायचं तर वाकून खालून जायचं, मग पाहुणा असो की पंच. बाईंना कोणी सांगितलं नाही. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, आजूबाजूला पाहिलं, आणि पिशवी पोटाशी धरून वाकून खालून आल्या. केसांना खळ लागली, पोरं हसली. नारायणबुवांना तेव्हा अंधुक दिसायचं. ते म्हणाले, "खालून आली. बाई चांगली आहे." आणि बाज टाकायला लावली.

बाई सरळ मुद्द्यावर आल्या. "प्रमिलाचं या विषयात डोकं चालतं. अशी मुलगी दर वर्षी येत नाही. तिनं एम.ए. करावं. फी माफ होईल, ते मी बघते. पुढं आमच्याच कॉलेजात तिला घ्यावं म्हणून मी शब्द टाकीन. तुमची काही हरकत?"

"माझी कायची हरकत?" नारायणबुवा म्हणाले. "पोट्टीले इचारा. मी तं म्हणूनच राहिलो, जाय म्हणून."

बाई पमाकडं वळल्या. पमा एका पायावर उभी. मला वाटलं, आता दोन बोटं वर जाणार. गेली नाहीत. ती म्हणाली, "हा ताणा उतरला की येते बाई."

"किती दिवस लागतील?"

"होईन महिन्याभरात."

"मग काहीच हरकत नाही. प्रवेश तोवर चालू असतात. मी जागा धरून ठेवते." बाई समाधानानं चहा प्यायल्या.

बाहेर खळ लावणाऱ्याचा कुंचा थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं आणि एका बाईंशिवाय सगळ्यांना कळलं होतं. पुस्तक वाचून संपतं तसा ताणाही संपत असेल, अशी बाईंची समजूत. आमचा ताणा संपत नाही. लुगडं विणून झालं की तेवढं कापड कापून घेतात, पण जुन्या ताण्याची टोकं मागावर तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांच्या एकेका टोकाला गाठीनं जोडतात. शेकडो गाठी. त्याला सांधणं म्हणतात. म्हणजे मागावर कायम सूत असतं. आजाच्या ताण्याला बापाचा, बापाच्या ताण्याला लेकाचा. माग रिकामा होतो तो घरचा शेवटचा विणकर मेल्यावरच. तेव्हा पंच येतात आणि सगळे धागे कापतात. जितेपणी माग रिकामा केलेला आमच्या गल्लीत कोणी पाहिला नव्हता. करायचं तर सोडाच, कोणाच्या तोंडीसुद्धा तसं येत नसे.

बाई गेल्यावर मी पमाला म्हटलं, "त्या बाईले खोटं काहून सांगतलं वं?"

"खोटं कुठं? ताणा उतरला तं जाईनच मी."

"ताणा कधी उतरते काय? जाची नाई तं तसं सांग, जाची आहे तं जाय. बिचारीले लटकावून काहून ठेवतं?"

"पाहू," ती म्हणाली.

त्यात एक गोष्ट आणखी होती. नारायणबुवांच्यानं आता विणणं होत नव्हतं. पण सांधायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. म्हातारा दिवसदिवस मागाजवळ बसून गाठी मारायचा, आणि त्याची गाठ कधी सुटली नाही. तेवढं एकच काम त्याला राहिलं होतं.

महिना होत आला. लुगडं शेवटच्या हाताला आलं. सूत देणाऱ्या शेटकडून नवा ताणा आलेला, कोपऱ्यात पडला होता. बाईंचा निरोप येऊन गेला होता की दोन दिवसांत ये, पुढं माझ्या हातात नाही. मी दुपारी कांड्या घेऊन गेले तर म्हातारा मागाशी बसलेला, पण नव्या ताण्याला त्यानं हात लावला नव्हता. हातात पातं होतं. ते त्यानं पमासमोर धरलं.

"काप," म्हणाला.

पमा खड्ड्यात बसली होती.

"मी जित्ता आहो ना? मीच सांगून राहिलो. काप आन जाय बाईकडं."

"लोक काय म्हणतीन बाबा?"

"लोकाईचं मी पाहून घेईन."

"आन तुम्ही? दिवसभर काय करसान?"

"बसीन. बसता येते मले."

"बाबा, ह्याच्यात दोन गोष्टी—"

"नाई!" म्हातारा इतक्या मोठ्यानं ओरडला की माझ्या हातातली टोपली हलली. "एकच गोष्ट आहे. तुले जाचं आहे का नाई? माझ्या नावानं इथं बसू नको. उद्या म्हणशीन, बापानं अडवलं. मी अडवून नाई राहिलो. गिरजाबाई, तुम्ही आयकून राहिल्या ना? साक्षी आहा तुम्ही."

मी म्हटलं, "आयकून राहिली."

म्हणून ही साक्ष लिहिते आहे. त्यानं अडवलं नाही.

पमानं पातं घेतलं. ताण्यावर धरलं. धागे तंग होते, नुसतं टेकवलं असतं तरी तुटले असते. बराच वेळ तिचा हात तसाच होता. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होता. मला वाटलं, कापते. मग तिनं पातं अलीकडं घेतलं आणि नेहमीसारखं तयार कापड तेवढं कापलं. वर आली. नवा ताणा सोडला. एक जुनं टोक आणि एक नवं टोक उचलून बापाच्या बोटांत दिलं.

म्हातारा ती दोन टोकं धरून बसला. मग गाठ मारली आणि मारताना एक घाणेरडी शिवी दिली. कोणाला दिली ते त्यालाच माहीत.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. बाया शिकायच्या राहतात, त्यात लिहिण्यासारखं काय. पुढचं वेगळं आहे.

कॉलेजं सुरू झाली त्या दिवशी मी सहज म्हटलं, "आजपासून सुरू झालं वाटते तुमचं ते एम.ए."

"हाव," पमा विणता विणता म्हणाली. "ती गेली सकाळीच."

"कोण गेली?"

"मी. ज्या मीनं कापलं ती."

मला वाटलं थट्टा करते. पण तिनं ते सोडलं नाही. महिन्या-पंधरा दिवसांनी काही ना काही सांगायची, शेजारच्या पोरीबद्दल सांगावं तसं. तिला अमुक एक पुस्तक जड जातं. तिची बाईंशी बाचाबाची झाली. तिनं चष्मा घेतला. मार्च महिन्यात तर कहर. भर दुपारी हिनं माग बंद केला. मी कांड्या घेऊन दारात उभी.

"काहून बंद?"

"पेपर आहे तिचा उद्या. आवाज कायले?"

मी संतापले. कांड्या भरून ठेवलेल्या, काम पडून राहिलेलं, आणि ही हात मांडीवर ठेवून गप्प बसलेली. पण खरं सांगते, मी आरडाओरडा केला नाही. त्या घरात तेव्हा खरंच कोणीतरी आतल्या खोलीत अभ्यास करत बसल्यासारखं वाटत होतं. मी पाय न वाजवता परत आले. घरी आल्यावर मला माझाच राग आला.

गल्लीत बोभाटा झाला. कोणी लिंबू-मिरची आणून दाराला बांधली. कोणी भगताला घेऊन आलं. भगत म्हणाला, पोरीला बाईचं भूत आहे. पमा त्याच्यासमोर शांतपणे बसली आणि म्हणाली, "भूत मेल्यावर होते ना महाराज? ती तं जित्ती आहे. शिकून राहिली. भूत झालं असन तं माझं झालं असन." भगतानं तिच्याकडं नीट पाहिलं, झोळी उचलली आणि चहा न घेता गेला. उमरेडच्या पाहुण्यांनंतर तिनं घालवलेला तो दुसरा.

तिचं डोकं फिरलेलं नव्हतं. हिशेबात, विणीत, बोलण्यात कधी चूक नाही. "ती" नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती तिची खबर ठेवायची.

पण नारायणबुवांचं तसं राहिलं नाही. आधी तो ऐकून चिडायचा. मग गप्प राहू लागला. मग एक दिवस गाठी मारता मारता त्यानं विचारलं, "पास झाली काय वं पोट्टी?"

पमाचा धोटा थांबला. "झाली बाबा."

"कोनत्या नंबरानं?"

"पहिल्या वर्गात."

म्हातारा उठला, चाचपडत डब्यापाशी गेला आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "घ्या गिरजाबाई. आमची पोट्टी एम.ए. झाली." मी काय करणार? खाल्ला. बाकीचं काही का असेना, गूळ खरा होता.

शेवटी शेवटी त्याला पार दिसेनासं झालं आणि तो बाजेवरच पडून असायचा. पमा त्याचं सगळं करायची, कुरकुर न करता. मी तांदळाची पेज घेऊन गेले होते. पमा त्याचं तोंड पुसत होती. तो म्हणाला, "आली काय?"

"मी आहो बाबा. इथंच आहो."

"तू तं आहेच वं," म्हातारा म्हणाला. "ती आली काय? तिले सांग, एकदा येऊन जाय म्हणा. लेक्चरर झाली म्हणून काय बापाले विसरा लागते?"

पमानं माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात बरीच मेलेली माणसं पाहिली, पण जिवंत माणसाचा तसा चेहरा पाहिला नाही. मग ती वाकली आणि जरा वेगळ्या आवाजात, पुस्तकी मराठीत म्हणाली, "आले मी बाबा." म्हाताऱ्यानं हात वर केला. तिच्या डोक्यावरून फिरवला, वेणीपर्यंत आला आणि थांबला. ओळखलं की फसला, मला सांगता येत नाही.

तो गेल्यावर तेराव्यानंतर पंच आले, माग रिकामा करायला. पुढं महादू पंच, हातात पातं. पमा मागासमोर उभी राहिली.

"हा ताणा माझा आहे काका."

"असं कसं वं? विणकर गेला. रीत आहे."

"विणतो मी. बाबानं धोट्याले हात लावून किती वर्षं झाली, गल्लीले इचारा. विणकर मेल्यावर कापतेत ना? मंग मी मेली काय?"

महादू पंचानं पातं खाली केलं. बाईमाणसाचा माग, असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पंच ओट्यावर बसून कुजबुजले आणि उठून गेले. मी मात्र राहिले. आमच्या दोघींत आडपडदा नव्हता.

"आता तं कोणी नाई," मी म्हटलं. "आता कोणाच्या नावानं बसतं? काप अन् जाय. अजूनही घेतीन तुले."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "हेच तं," म्हणाली. "आता कोणाच्या नावानं बसतो मी, हेच पाहून राहिली." आणि नव्या ताण्याची टोकं घेऊन सांधायला बसली. बापासारखीच बोटं चालायची तिची.

पुढं काही वर्षांत यंत्रमागाची लुगडी आली. एकेक माग बंद होत गेला. माझ्या कांड्या कमी होत गेल्या, मी दुसरी कामं धरली. एक दिवस शेटनं पमाला सांगून टाकलं की यानंतर ताणा नाही. जो मागावर होता तो शेवटचा. त्याला सांधायला काही नव्हतं.

ती तो ताणा किती सावकाश विणत होती ते मी भिंतीतून ऐकत होते. धोटा पडायचा, मग किती वेळ काही नाही, मग पुन्हा पडायचा. वसंता येऊन सांगून गेला होता की घर विकू, तू खापरखेड्याला चल. ती त्याला "पाहू" म्हणाली होती. एका सकाळी आवाज बंद झाला तो झालाच. मी गेले तर माग रिकामा होता. जुन्या धाग्यांची टोकं तिनं गोळा करून एका फडक्यात बांधली होती. ती न्हालेली होती, ठेवणीतलं लुगडं नेसलेली.

"चाल वहिनी," म्हणाली. "ताणा उतरला."

मी विचारलं नाही कुठं. चपला घातल्या आणि निघाले.

बसनं कॉलेजात गेलो. मला अशा जागी संकोच वाटतो, पण त्या दिवशी मीच पुढं होते. मला वाटत होतं, जाऊ दे, म्हातारपणी का होईना, घेऊन टाक म्हणावं एकदाचं. म्हातारी तरी कुठं होती, पस्तिशीची. शिपायाला विचारलं. त्यानं ऑफिस उजवीकडं दाखवलं आणि तत्त्वज्ञानाचा वर्ग वर, जिन्यानं. पमा ऑफिसकडं वळलीच नाही. जिना चढू लागली.

वर्ग चालू होता. थोडीच मुलं-मुली होती. फळ्यापाशी एक बाई उभी राहून शिकवत होती. पमाच्याच वयाची. उंच, गोरी, केस आखूड, चष्मा. पमासारखं तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. पमा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्या बाईंचं एकदा लक्ष गेलं. थांबल्या, पुढं बोलत राहिल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी पमाकडंच पाहत होते. ती ऐकत होती. मध्येच मान हलवायची. एकदा कपाळाला आठी घातली, ते तिला पटलं नसावं. पूर्ण तास ती त्या चौकटीला धरून उभी होती.

घंटा झाली. मुलं आम्हाला वळसा घालून बाहेर पडली. बाई जवळ आल्या. "कोणाला भेटायचंय तुम्हाला?"

"कोणालेच नाई," पमा म्हणाली. "मी आयकून राहिली होती."

"मग आत बसायचं ना."

"नाई. बरं आयकू आलं."

आणि माझा हात धरून म्हणाली, "चाल वहिनी. चांगलं शिकवते."

जिना उतरेपर्यंत मी दम धरला. खाली आल्यावर म्हटलं, "आन फॉर्म? प्रवेश घेत नाई काय तू?"

"कोणासाठी? शिकली ना ती."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "ती तू नाई वं पमे! बाहेर पाटी आहे, तिच्यावर तिचं नाव आहे. दुसरंच आहे. डोळे फुटले काय तुझे?"

पमा हसली. बऱ्याच वर्षांनी मी तिला तसं हसताना पाहिलं. "पाहिलं ना मी नाव. वाचता येते मले वहिनी."

आठवड्याभरात वसंता टेम्पो घेऊन आला आणि ती खापरखेड्याला गेली. मी कामावर होते, भेट झाली नाही. पुढं काही वर्षांनी ती वारल्याचं कळलं, तेही उशिरा. म्हणून आजही तिची आठवण काढली की ती दिसते ती त्या कॉलेजच्या पटांगणात, माझ्यापुढं चार पावलं चालत, एवढ्या वर्षांत कधी चालली नव्हती इतकी भराभर.

फाटकापाशी मी मागं वळून पाहिलं. त्या बाई वरच्या व्हरांड्यात आल्या होत्या. हातात खडू तसाच, आणि कठड्याला टेकून पमाच्या पाठीकडं टक लावून पाहत होत्या.

"पमे," मी म्हटलं, "ती पाहून राहिली वं तुझ्याकडं."

पमा थांबली नाही. वळली नाही.

"पाहते तं पाहू दे," म्हणाली. "तास असन तिचा. जाईन ती आता."